परण्याला डीजे की हलगी? मुहूर्त १२:३५ चा, अक्षता पडतात अडीचला

केजकर
बहिणीचं लग्न वैशाखात आहे, अंबाजोगाईजवळ, शेतातच मांडव. मुहूर्त दुपारी १२:३५. आपल्याकडं मुहूर्त पत्रिकेत छापायला असतो आणि अक्षता परण्या परतला की पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. परण्या म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघतो, देऊळ पाचशे पावलांवर, पुढं डीजे, आणि तेवढ्याला दोन तास. मागच्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नात अडीच वाजले. लेकरं रडायलेली, म्हातारी माणसं ज्वारीच्या अक्षता मुठीत धरून घामाघूम. आचारी तीनदा विचारून गेला, "भात टाकू का?"

माझं म्हणणं असं: सकाळी सनई-चौघडा, परण्याला हलगी, घुमकं, कैताळ. डीजे नकोच. मुलाकडचे म्हणतात पोरं रुसतील. डीजे त्यांचा, जेवण आमचं, अन् उपाशी सगळेच. बोला.

चार_टॉप_चार_बेस
केजकर भाऊ, माझा स्वतःचा डीजे आहे, जालना जिल्ह्यात. उशिराचं खापर आमच्यावर फोडू नका. मी गाणं थांबवलं की नवरदेवाचा मामा पाचशेची नोट नाचवत येतो, "अजून एकच". थांबव म्हणायला तुमच्यातलं कुणी पुढं येतं का? सगळे पाहुण्यांच्या रागाला भितात. आणि हलगी लावून बघाच. नोटा ओवाळायला सुरुवात झाली की हलगीवाला जागचा हलत नाही. निदान माझी गाडी ड्रायव्हरला सांगून पुढं तरी नेता येते.

आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमचा धंदा बंद. पेट्यांचे हप्ते मात्र चालू.

औषधवाला_परभणी
वेळेचं सोडा, कानाचं बघा. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तास सोसता येतो असं धरतात. पुढं दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. बेसच्या पेटीसमोर नाचणारं पोरगं त्याच्या वर असतं, तेही दोन तास. दुसऱ्या दिवशी दुकानात येतं, "काका, कानात शिट्टी वाजायली, ड्रॉप द्या." त्या शिट्टीला माझ्याकडं ड्रॉप नाही.

नियम काय नवे नाहीत. २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, सरकारनं शांतता क्षेत्र जाहीर केलं असेल तिथं दवाखाना-शाळेच्या १०० मीटरमध्ये शांतता.

लातूरचा_पाव्हणा
५५? काका, आमच्या दोन आत्या शेजारी पंगतीला बसल्या तरी ५५ ओलांडतात. असा नियम सांगितला की माणूस सगळेच नियम सोडून देतो. दहाचं मात्र बरोबर आहे, तेवढं पाळलं तरी पुष्कळ.

निळी_पहाट
इथं सगळे आवाज म्हणजे नुसता त्रास म्हणून बोलायलेत, म्हणून लिहितो. आमच्या गावात माझ्या आज्याला घोड्यावर बसून वेशीतून जाता आलं नाही. बापाची वरात वस्तीतल्या वस्तीत फिरली. माझी निघाली ती वेशीतून, चावडीवरून, डीजे लावून, वामनदादा कर्डकांची गाणी वाजवत. आवाज मोठा होता. मोठाच पाहिजे होता. आई रस्त्याच्या कडेला उभी राहून रडायली होती. तिला कुणी डेसिबल सांगितले नाहीत ते बरं झालं.

आणि "हलगी म्हणजे आपली परंपरा" म्हणताना ती कुणी वाजवायची हे ठरलेलं होतं, तेही लिहा. बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणल्यावर आमच्या घरातलं डफडं खुंटीवरून उतरलं ते कायमचं.

केजकर
दादा, हे माझ्या ध्यानात नव्हतं. उशिराचा प्रश्न तरी राहतोच, पण "डीजे नकोच" हे मागं घेतो.

हलगीवाल्याचा_नातू
निळी पहाट यांचं खरं आहे, पण आमच्या घरी उलट झालं. आज्याला वाजवून झाल्यावर शेवटच्या पंगतीला, तेही मांडवाबाहेर बसवत. बापानं म्हणून हलगी सोडली. मी परत धरली, पण सुपारी घेऊन. रक्कम आधी ठरवून, निम्मी हातात, जेवण पहिल्या पंगतीत. हे कबूल नसेल तर डीजे लावा, माझी हरकत नाही.

आता केजकरांच्या कामाचं. हलगी चामड्याची असेल तर ती शेकून ताणावी लागते, कडक उन्हात ते काम सोपं होतं. पण माणूस उन्हात ताणत नाही. ४२ डिग्रीत अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढं हात चालत नाहीत. म्हणजे हलगी आपोआप वेळेत थांबते, यात परंपरेचं काही नाही. दोन जोड्या सांगाल तर आलटून पालटून तीन तास वाजवतील आणि तुमचे परत अडीच. एकच जोडी सांगा! नोटा ओवाळणं मारुतीच्या पारावर होऊ द्या, रस्त्यात नाही. आम्हाला पैसे तिथंही घेता येतात.

माजलगावची_लेक
तुमची सगळी भांडणं परण्याची. हळदीचं कुणी बोलंना. माझ्या मावशीला हळदीच्या, जात्याच्या शंभरावर ओव्या पाठ आहेत. मागच्या लग्नात ती दळायला बसली, तोंड उघडलं, आणि शेजारी पोरांनी साउंड चेक सुरू केला. ती गप झाली, परत गायलीच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात आमच्या माजलगावच्याही बाया आहेत. आपल्याच घरातल्या बाईला मात्र आपण अर्धा तास देत नाही. हळदीला एक तास सगळ्या पेट्या बंद. त्यात माईकही नको, माईक दिसला की मावशी लाजती.

औरादकर
मधेच विचारतो. कार्यालयवाला म्हणतो गाणी वाजवायला लायसन्स काढा. खरं का?

लातूरचा_पाव्हणा
नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(झेडए) दाखवा. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ त्यातून सुटलेत. तिकीट लावून नाचवणार असाल तर गोष्ट वेगळी.

चार_टॉप_चार_बेस
माजलगावच्या ताईंचं मान्य. एक तास बंद ठेवतो, भाडं कमी करू नका म्हणजे झालं.

केजकर
काल मुलाकडं जाऊन आलो. हळदीच्या रात्री डीजे, दहाला बंद. त्याआधी संध्याकाळचा एक तास बायकांच्या गाण्यांचा. परण्याला हलगीची एकच जोडी, साडेअकराला निघायचं. नवरदेवाच्या मामाला घोड्याचा लगाम धरायला उभा करायचा, म्हणजे त्याचा एक हात तरी गुंतून राहील. हलगीवाले पहिल्या पंगतीत, यावर सोयरे जरा गप झाले, मग नवरदेवच म्हणाला, "माझ्या शेजारी बसतील."

डीजेचे पैसे कुणी द्यायचे, ते अजून ठरलं नाही. रविवारी परत बैठक आहे.