वायफाय फुल पण नेट नाही, आणि ओएनटी, राउटर, लॅन म्हणजे नक्की काय?

वाडीतली_ताई:
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं जुनं जांभ्याचं घर आहे, खळ्यापलीकडच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. मे महिन्यात फायबर घेतलं, जोडायला आलेला मुलगा म्हणाला ओएनटी ओटीवर लावलाय, राउटर त्यातच आहे, मागे लॅन ओढा नाहीतर एक्स्टेंडर घ्या, आणि गेला. मला यातला एक शब्द कळला नाही. पाहुणे सांगतात काड्या फुल आहेत पण नेट नाही, असं कसं होतं? शिवाय बुकिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, दुकानदार आठची रॅम आणि पाचशेबाराची एसएसडी म्हणतो आणि दोन्हीला मेमरीच म्हणतो. कृपया पहिल्यापासून सांगा.

खारा_वारा:
ताई, आधी वायफाय आणि इंटरनेट हे दोन वेगळे धरा, मग निम्मा गोंधळ जातो. वाडी शिपताना पाट कितीही साफ असला तरी विहिरीत पाणी नसेल तर आळं कोरडंच ना? वायफाय म्हणजे तो पाट, फोनपासून तुमच्या डब्यापर्यंतचा. काड्या तेवढंच दाखवतात, डब्याच्या पुढे नेट आहे की नाही ते काड्यांना माहीतच नसतं.
आता डबा. फायबरच्या बारीक वायरीतून वीज नाही, उजेड येतो. त्या उजेडाचं कॉम्प्युटरला समजेल असं करतो तो ओएनटी. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर हेच काम मोडेम करायचा, म्हणून लोक अजून सरसकट मोडेमच म्हणतात. आणि आलेलं एक कनेक्शन घरातल्या दहा फोनांना वाटून देतो तो राउटर, प्रत्येकाला बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा घरातला नंबर देतो, तो आयपी. तुमच्याकडे दोन्ही एकाच डब्यात आहेत.
नेट गेलं की आधी डब्यावरचे दिवे बघा. एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर बाहेरून उजेडच येत नाहीये, घरात कितीही बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ कंपनीला फोन करा.

चिरेबंदी:
वरचं बरोबर आहे, पण ताईंचा खरा वैरी भिंत आहे. आमचंही घर चिऱ्याचं, पावसात भिंती ओल धरतात आणि ओल्या भिंतीतून सिग्नल अजून कमी जातो. राउटरवर बहुतेक दोन नावं दिसतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाला वेगवान पण भिंतीपुढे लवकर हरतो, २.४ वाला हळू पण लांब जातो, तेव्हा मागच्या खोलीत २.४ ला जोडून बघा. एक्स्टेंडर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, मी घेणार नाही, त्याला स्वतःलाच कमी सिग्नल मिळाला तर तो पुढे काय देणार.
लॅन म्हणजे घरातल्या घरातलं नेटवर्क, पण बोलताना आपण त्या वायरीलाच लॅन म्हणतो. आत आठ तारा असतात, १०० मीटरपर्यंत चालते, एका घराच्या आत उत्तम. पण खळ्यावरून ओढू नका, हे कळकळीने सांगतोय. आम्ही माडाला बांधून गोठ्यापर्यंत नेली होती, जूनच्या सुरुवातीला वीज जवळ पडली, सगळे प्लग काढलेले होते तरी राउटर आणि पलीकडचा स्विच, म्हणजे एका लॅनवर अनेक मशीन जोडायचा डबा, दोन्ही मेले, कारण लॅनची वायर तशीच लागलेली होती आणि ती तांब्याची. राउटरचं लॅनचं भोक आतून काळं पडलं होतं. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा, म्हणजे उजेडाचं परत लॅन होतं, आणि मागच्या खोलीत छोटा राउटर.

पडवीवरून:
कॉम्प्युटरचं मी सांगते. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. ओटा मोठा तर एकावेळी जास्त कामं उघडी ठेवता येतात, पण लाइट गेली की ओट्यावरचं सगळं जातं, कोठीतलं राहतं. बुकिंगला आठची रॅम पुरते. आपल्याकडे लाइट किती जाते माहितीये, तेव्हा डेस्कटॉप घेतलात तर यूपीएस, म्हणजे लाइट गेली की थोडा वेळ चालवणारी बॅटरी, घ्याच, त्याच यूपीएसवर ओएनटीही लावा. आणि पावसाळ्यात मशीन नुसतंच बीप करून सुरू होईना तर घाबरू नका, दमट खाऱ्या हवेनं रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. प्लग काढून रॅम बाहेर घ्यायची, पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायच्या, चुरा झटकून परत बसवायची. माझं मशीन दोनदा असंच सुरू झालंय.

वाडीतली_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी एलओएस लाल होता, लगेच फोन केला. माणूस आला, फणसाच्या फांदीखाली वायर दुमडली होती ती बदलली, आता हिरवा आहे. चिरेबंदी दादा, मीडिया कन्व्हर्टर दोन्हीकडे सारखेच घ्यायचे का?

चिरेबंदी:
एकाच फायबरवर चालवणार असाल तर नाही, ए आणि बी अशी जोडी मिळते, दोघांच्या उजेडाचा रंग वेगळा असतो. दोन्ही ए घेतले तर बोलणार नाहीत. अॅडॅप्टर दोन्हीकडे लागेल, ढग गडगडायला लागले की तो मात्र काढाच.