डॅमेज, इंज्युरी, हर्ट: कुठे काय?

प्रश्न: विम्याच्या इंग्रजी अर्जात गाडीला 'इंज्युरी' झाली असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर १: नाही. वस्तूला डॅमेज, माणसाला इंज्युरी. अवयवाला मात्र डॅमेज चालतं: ब्रेन डॅमेज, लिव्हर डॅमेज. आणि गाडीचं नुकसान कितीही ठिकाणी झालेलं असो, 'डॅमेजेस' लिहू नका. कायद्याच्या भाषेत ती नुकसानभरपाई. बहुतेक जण इथेच घसरतात.

उत्तर २: कायद्यात चित्र वेगळं. भारतीय दंड संहितेच्या कलम ४४ मधल्या 'इंज्युरी'त शरीर, मन, अब्रू, मालमत्ता सगळं येतं. 'हर्ट' (कलम ३१९) म्हणजे फक्त शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता.

उत्तर ३: ती कलमं जुनी झाली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता. 'ग्रीव्हस हर्ट' (गंभीर दुखापत) आता कलम ११६, त्यातली २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न जमण्याची अट १५ दिवसांवर आली.