सेव्ह कुठेही, की फक्त चेकपॉइंटला?

कोडकरी

गेममध्ये सेव्ह-लोड घालायचं म्हटलं की फाइल जेसनमध्ये (वाचता येणाऱ्या मजकुरात) ठेवायची की बायनरीत (कच्च्या बाइटांत) यावरच वाद सुरू होतो. त्याच्या आधी ठरायला हवं ते हे, की खेळाडूला सेव्ह नेमकं कधी करता येणार. माझं स्पष्ट मत: टीम एक-दोन जणांची असेल तर फक्त चेकपॉइंटला, म्हणजे लेव्हलमध्ये आपण आधीच ठरवलेल्या जागांवर, सेव्ह द्या.

चेकपॉइंटला जपायचं असतं ते थोडंसंच. लेव्हलचं नाव, चेकपॉइंटचा क्रमांक, हेल्थ, इन्व्हेंटरी (खेळाडूजवळच्या वस्तू), आणि उघडलेली दारं व मेलेले बॉस यांचे फ्लॅग (झालं की नाही एवढ्याच खुणा). लोड करताना लेव्हल कोरी उघडायची, फ्लॅग लावायचे, खेळाडूला जागेवर उभं करायचं.

कुठेही सेव्ह द्यायचं तर हवेतला बाण, त्याचा वेग, शत्रू गस्तीवर आहे की पाठलागावर, दाराचं अर्धवट अ‍ॅनिमेशन, टायमरचे उरलेले सेकंद, सगळं जपावं लागतं. युनिटी या गेम इंजिनात को-रूटीन (मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणारं फंक्शन) वापरली असेल तर आणखी पंचाईत: ती कुठल्या ओळीवर थांबली आहे हे वाचून ठेवायची सोयच नाही. शिवाय खेळाडू दरीत पडता पडता क्विकसेव्ह (एका बटणाचा झटपट सेव्ह) दाबतो, स्लॉट (सेव्ह ठेवायची जागा) एकच असतो, आणि दर लोडला तो पुन्हा मरतो.

रानवाट

पूर्ण असहमत. शेवटचा चेकपॉइंट पंधरा मिनिटं मागे असेल आणि खेळाडूला उठावंच लागलं, तर ती पंधरा मिनिटं त्याची गेली. कोड सोपा राहावा म्हणून त्याचा भुर्दंड खेळाडूने का भरायचा?

तुम्ही दिलेल्या अडचणी कोडच्या रचनेतून येतात. को-रूटीनऐवजी ‘सध्याची स्टेट’ (अवस्था) आणि ‘उरलेला वेळ’ अशा दोन साध्या किमती ठेवा, त्या लिहिता येतात. जपायच्या प्रत्येक वस्तूला एडिटरमध्येच कायमचा जीयूआयडी (दुसऱ्या कुणाचा नसेल असा ओळख क्रमांक) द्या. गेटइन्स्टन्सआयडीवर (युनिटी स्वतः देते त्या क्रमांकावर) विसंबू नका, तो पुढच्या वेळी गेम सुरू केल्यावर तोच राहील याची हमी नसते. लोड दोन फेऱ्यांत करा: पहिल्या फेरीत सगळ्या वस्तू तयार करायच्या, दुसरीत त्यांचे एकमेकांशी संबंध जोडायचे. एकाच फेरीत उरकायला गेलात तर शत्रूचं ‘लक्ष्य’ अजून जन्मलेलंच नसतं आणि नल (रिकामा संदर्भ) मिळतो.

दरीचा प्रश्न किरकोळ आहे. पाय जमिनीवर नसतील तेव्हा सेव्हची विनंती थांबवून ठेवा, आणि ऑटोसेव्हचे तीन स्लॉट आळीपाळीने वापरा. 1993 च्या डूम या शूटर गेममध्येही लेव्हलच्या मधोमध सेव्ह होत होतं.

कोडकरी

डूमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याच्या सेव्हमध्ये मेमरीतली स्ट्रक्चर (माहितीचे गठ्ठे) जवळपास जशीच्या तशी ओतलेली असतात, आणि आवृत्तीची खूण जुळली नाही तर फाइल लोड होत नाही. आज दर काही आठवड्यांनी अपडेट देणाऱ्या गेमला हे परवडणार नाही. तुम्ही पॅचमध्ये एक भिंत सरकवली, की जुन्या सेव्हमधला खेळाडू भिंतीच्या आत. चेकपॉइंट क्रमांक 7 मात्र नव्या लेव्हलमध्येही क्रमांक 7 च राहतो.

निशाचर

कधी सेव्ह करायचं यावर भांडताना फाइल लिहिण्याकडे दोघांचंही दुर्लक्ष होतंय. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धी फाइल उरते आणि सगळी प्रगती जाते; मग ती चेकपॉइंटची होती की क्विकसेव्हची, याला अर्थ नाही.

मूळ फाइलवर थेट कधीच लिहू नका. शेजारी तात्पुरती फाइल लिहा, ती डिस्कवर फ्लश करा (खरोखर लिहून पूर्ण करा), मगच मूळ फाइलच्या जागी आणा आणि जुनी बॅकअप म्हणून ठेवा. सी-शार्प भाषेत फाइल.रिप्लेस ही अदलाबदल आणि बॅकअप एका हाकेत करतं, पण मूळ फाइल नसेल तर एक्सेप्शन (एरर) फेकतं. म्हणून पहिल्या सेव्हला फाइल.मूव्ह. लोडला चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला नाही की बॅकअप उघडा.

युनिटीचं प्लेअरप्रेफ्स (छोट्या सेटिंग जपायची सोय) आवाजाच्या सेटिंगपुरतं ठीक. विंडोजवर ते रजिस्ट्रीत (सिस्टीमच्या सेटिंगच्या साठ्यात) जातं, प्रगतीसाठी ती जागा नाही. सी-शार्पच्या डॉटनेट प्लॅटफॉर्मचा बायनरीफॉर्मॅटर (वस्तू बायनरीत लिहिणारा क्लास) तर वापरूच नका: दुसऱ्याने दिलेली सेव्ह फाइल उघडताच तिच्यातून घातक कोड चालू शकतो. डॉटनेट 9 मधून तो काढूनही टाकला आहे. आकडे स्वतः मजकुरात लिहीत असाल तर इन्व्हेरियंट कल्चर (मशीनच्या भाषा-सेटिंगवर न अवलंबणारी लेखनपद्धत) द्या, नाहीतर जर्मन सेटिंगच्या मशीनवर 1.5 चं 1,5 होतं आणि ती फाइल दुसरीकडे चुकीची वाचली जाते.

रानवाट

निशाचर यांच्याशी सहमत.

कोडकरी, भिंतीचा मुद्दा योग्य आहे, पण त्यासाठी अख्खी सोय नाकारायची गरज नाही. फाइलमध्ये लेव्हलचाही आवृत्ती क्रमांक लिहा. तो जुळला नाही तर नेमकी जागा सोडून द्या, खेळाडूला जवळच्या चेकपॉइंटवर ठेवा, बाकी इन्व्हेंटरी नि फ्लॅग तसेच घ्या. फाइलच्या रचनेसाठी 1 ते 2, 2 ते 3 अशी छोटी फंक्शनं साखळीने चालवा. थेट 1 ते 5 लिहू नका, दर आवृत्तीला कामाचा डोंगर वाढतो.

मोबाइलवर तर पर्यायच नाही. सिस्टीम अ‍ॅप मागे टाकून परस्पर बंद करते, ऑनअ‍ॅप्लिकेशनक्विट (गेम बंद होतानाची हाक) येईलच याची खात्री नसते. ऑनअ‍ॅप्लिकेशनपॉजमध्येच (गेम मागे जातानाच्या हाकेत) लिहायला हवं, आणि तो क्षण चेकपॉइंट बघून येत नाही.

कोडकरी

मोबाइलपुरतं मान्य. बाकी ठिकाणी मी चेकपॉइंटमधलं अंतर पाच मिनिटांवर आणेन. त्याला लेव्हल डिझाइनचे कष्ट पडतात, पण चाचणीचा व्याप हाताबाहेर जात नाही. कुठेही सेव्ह म्हणजे प्रत्येक नव्या शत्रूची, सापळ्याची प्रत्येक अवस्था लोड करून तपासणं. ते कोण करणार?

रानवाट

मशीन करेल. गेम पॉज ठेवून सेव्ह करा, लोड करा, लगेच पुन्हा सेव्ह करा आणि दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडून बघा. वेळेची नोंद वगळायची आणि वस्तू जीयूआयडीच्या क्रमाने लिहायच्या, नाहीतर डिक्शनरीचा (नावानिशी किमती ठेवणाऱ्या यादीचा) क्रम बदलून उगाच फरक दिसतो. जी किंमत लिहिली पण परत लावली नाही, ती इथे पकडली जाते. जी लिहिलीच नाही ती मात्र सुटते. त्यासाठी तीच रँडम सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ती किंमत) आणि रेकॉर्ड केलेलं इनपुट देऊन, लोड केलेला आणि न थांबलेला असे दोन्ही गेम 600 फ्रेम पुढे चालवा आणि मगच ताडा.

निशाचर

हे फिक्स्ड टाइमस्टेपवरच (गेमची प्रत्येक पायरी सारख्याच वेळेची असेल तरच) जमेल, आणि रँडमची सीड पुरणार नाही, रँडम आकडे देणाऱ्या जनरेटरची चालू स्टेटही सेव्हमध्ये हवी.