मागचे चाक आणि मडगार्ड

सायकलला मडगार्ड बसवल्यानंतर मागचे चाक काढताना टायर त्याला अडतो, म्हणून टायरमधील हवा सोडावी, असे काही जण सुचवतात; तो उपाय चालतो. मात्र पंक्चर नसलेल्या चाकासाठी दर वेळी पंप हाती घेणे मला पटत नाही. खरा प्रश्न फ्रेमच्या ज्या खाचेत चाकाची आस बसते, तिच्या दिशेचा आहे. खाच खाली उघडत असेल, तर चाक सरळ खाली येते आणि मडगार्ड आड येत नाही, म्हणून तिथे टायरभोवती सर्वत्र सारखे अंतर राखावे. खाच पुढे उघडत असेल, तर आस सुटण्यापूर्वी टायर पुढे सरकून मडगार्डच्या खालच्या टोकाला टेकतो. अशा फ्रेमवर पेडलच्या मागील आडव्या पट्टीपाशी स्पेसर (अंतर राखणारा तुकडा) न घालता मडगार्ड तिला टेकवूनच बसवावा, मग वरचे अंतर थोडे असमान दिसले तरी चालेल. खाच मागे उघडणारी असल्यास चाक मागेच ओढावे लागते, त्यामुळे मडगार्डला धरून ठेवणाऱ्या तारा दाबून सुटणाऱ्या क्लिपांवर बसवणे उत्तम. कोणत्याही फ्रेमवर या तारा आसाच्या नटाखाली अडकवू नयेत, फ्रेमवरील स्वतंत्र छिद्रांत बसवाव्यात. अन्यथा नट सोडताच मडगार्डही सैल होतो.