खालचा जबडा मागे असेल तर श्वासासाठी उपचार वयात येतानाच करावेत का?

निशिगंध: माझं मत ठाम आहे, करावेत. अशा मुलांकडे आपण नुसतं ‘दात पुढे आलेत’ म्हणून बघतो. जीभ खालच्या जबड्याला बांधलेली असते. जबडा मागे असला की तीही मागे राहते आणि तिच्यामागची घशातली वाट अरुंद होते. पिएर रॉबिन सिक्वेन्स, म्हणजे जन्मतःच खालचा जबडा फार लहान, असलेल्या बाळांमध्ये तर यामुळे श्वासच अडतो. वाढीचा जोर असताना ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांवरचं उपकरण, लावला तर फायदा होतो. ती वेळ गेली की मोठेपणी जबडा पुढे आणायला शस्त्रक्रियाच उरते. मग थांबायचं कशाला?

दाढदुखी: मी दंतवैद्य आहे. जिभेबद्दलचं म्हणणं बरोबर, पुढचं नाही. घसा अरुंद आहे हे ज्यावरून सांगतात, त्या सेफॅलोग्राममध्ये, म्हणजे डोक्याच्या बाजूने काढलेल्या क्ष-किरण फिल्ममध्ये, घशाची फक्त पुढून मागची रुंदी दिसते, डावी-उजवी नाही. मूल उभं असतं, जागं असतं. मान जराशी वर झाली तरी माप बदलतं. झोपेत स्नायू सैल पडल्यावर काय होतं, ते फिल्मवर कुठून येणार? सीबीसीटी या क्ष-किरण स्कॅनमध्ये त्रिमिती चित्र मिळतं, पण तेही जागेपणीचं, आणि क्ष-किरणांची मात्रा जास्त.

निशिगंध: उपचारांनंतर घसा रुंद झाल्याचे फोटो मी पाहिलेत. ते खोटे का?

दाढदुखी: खोटे नाहीत, अपुरे आहेत. या वयात घसा वाढतोच, नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथीही आकसत जातात. उपकरण न लावलेली त्याच वयाची मुलं शेजारी ठेवल्याशिवाय श्रेय कोणाचं ते कळत नाही. शिवाय ट्विन ब्लॉकच्या परिणामात बराच वाटा दात कलण्याचा असतो.

सह्याद्री_आई: तुम्ही दोघंही जबड्यापासून सुरुवात करताय. हार्वोल्ड या संशोधकांनी माकडांची नाकं बंद करून पाहिली, तेव्हा तोंडाने श्वास घेता घेता त्यांचे जबडे आणि दात बदलले. म्हणजे उलटंही घडतं! आधी नाक तपासा.

निशिगंध: नाक तपासाच. पण तपासण्यांत दोन वर्षं गेली तर वाढ आपल्यासाठी थांबून राहत नाही. पुढे आलेले दात पडण्या-आपटण्यात तुटतात, वर्गात चिडवतात ते वेगळंच. मी माझ्या मुलीला उपकरण लावणारच.

दाढदुखी: जरूर लावा, दातांसाठी आणि चेहऱ्यासाठी. ती रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास थांबत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. झोपेत श्वास थांबण्याच्या या विकाराचं, स्लीप ॲप्नियाचं, निदान स्लीप स्टडीने, म्हणजे झोपेतल्या तपासणीने होतं. माझा आक्षेप एवढाच की घोरण्याची तक्रारही नसलेल्या मुलाच्या आईवडिलांना फिल्म दाखवून घाबरवू नये.