मदत हवी आहे: रात्री स्प्रिंगहेअरवर (उड्या मारणारा, सशाएवढा निशाचर प्राणी) गोळी खाली जाते

मंडळी, दक्षिण आफ्रिकेत उत्तर कारूमध्ये (कोरड्या, उजाड पठारावर) परवान्याने छोट्या प्राणी-पक्ष्यांची शिकार आहे. दिवसाच्या गिनी फाउलची (कोंबडीएवढा रानपक्षी) चिंता नाही. बारा बोअरची छर्र्यांची बंदूक, ५ नंबरचे छर्रे, पळणारा थवा उडवला की झालं. अडतं रात्री. पॉइंट २२ रायफल, ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) गोळी, झिरो (जिथे नेम आणि गोळी जुळतात ते अंतर) ५० मीटरवर. १०० मीटरवर ती साधारण १५-२० सेंटिमीटर खाली येते, आणि अंधारात सावज ६० मीटरवर की ९० हेच कळत नाही. स्प्रिंगहेअर आडवा असला की उड्या मारणारा एकच डोळा चमकतो. (दोन स्थिर डोळे दिसले तर स्टीनबॉक (छोटं हरीण) असू शकतो, तिथे घोड्यावर बोट नकोच.) बॅटरी नेमबाजाच्या मागून धरली की नळी उजळते आणि रायफलवरच्या दुर्बिणीत नुसती चकाकी. मग ती धरायची कुठे? झिरो ७० वर न्यावा का? बॅटरीवरच्या लाल फिल्टरने अंतर आणखी फसतं, तो काढावा का?