ब्लोअरच्या पंख्यासाठी पुन्हा पुन्हा वापरता येईल असा लॉकनट: सल्ला हवा

अंबडकर
नाशिकच्या अंबडला आमचं लहान वर्कशॉप आहे. द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टर ब्लोअरचे हब (पंख्याचा मधला भाग) आणि शाफ्ट करतो. हब चावीवर, म्हणजे शाफ्टच्या खाचेतल्या पट्टीवर बसतो, शाफ्टच्या टोकाला एम २०×१.५ चे आटे (व्यास २० मिमी, पिच १.५ मिमी) आणि त्यावर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला. शेतकरी हंगामाला एकदा तरी पंखा उतरवतोच. दोन-तीनदा उघडला की नायलॉन गुळगुळीत, नट बोटांनी फिरतो. मग गावातल्या हार्डवेअरमधून मिळेल तो नट येतो आणि पंखा सैल झाल्याची तक्रार मात्र आमच्याकडे.

स्वतःचा नट डिझाइन करायचा विचार आहे. साध्या रिंग पान्याने उघडला पाहिजे आणि दरवेळी नवीन सुटा भाग लागता कामा नये. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारा सोसला पाहिजे, हेही आलंच. कुठून सुरुवात करू?

सिन्नरचा मशीनिस्ट
आधी दोन गोष्टी सांगा. की-वे, म्हणजे चावीची खाच, आट्यांमधून आरपार गेलाय का? आणि नट हबच्या ज्या सपाट तोंडावर (फेसवर) बसतो तिथे रंग आहे का?

अंबडकर
की-वे टोकापर्यंत आहे, आट्यांतूनच जातो. हबला पावडर कोटिंग आहे, फेससकट.

सिन्नरचा मशीनिस्ट
मग निम्मं उत्तर इथेच आहे. की-वेची धार दर फेरीला नायलॉन तासते. असल्या शाफ्टवर कुठलाही नायलॉक टिकणार नाही, कितीही महागडा आणा.

दुसरं, रंग. हब साधारण ४० मिमी जाड धरा. ३०० एमपीए (मेगापास्कल) ताण येईपर्यंत नट आवळला तरी तेवढ्या लांबीत शाफ्ट ताणला जातो फक्त ०.०६ मिमी. त्या ताणावरच सगळी पकड उभी असते. पावडर कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे ०.०६ ते ०.०८ मिमी, जवळजवळ तेवढाच. तो थर दाबाखाली हळूहळू बसला की नट एक अंशही न फिरता जोड ढिला होतो. कोटिंगच्या वेळी फेस मास्क करा किंवा नंतर लेथवर साफ करा. खर्च नगण्य.

आता नट फिरतो का, ते बघू. एम २०×१.५ च्या आट्यांचा चढाव कोन जेमतेम दीड अंश. तेल लावलेल्या आट्यांचाही घर्षण कोन सात-आठ अंश असतो. म्हणजे नुसत्या अक्षीय ओढीने नट सुटायला नको. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की खरा शत्रू आडवी सरक आहे. फेस आडवा सरकत राहिला की आट्यांतलं घर्षण त्या सरकण्यातच खर्ची पडतं, नटाला उलटं फिरायला मोकळं रान मिळतं. त्यामुळे हबचा बोअर (मधलं भोक) आणि चावीचं फिट घट्ट करा. हब शाफ्टवर कुचकुचत असेल तर कुठलाच लॉकनट तुम्हाला वाचवणार नाही.

निफाडचा बागायतदार
आमची बाजूही ऐका. शेडमध्ये रिंग पाना, फिरता पाना, हातोडा आणि छन्नी. एवढंच. कॅसल नट (खाचांतून पिन घालायचा) दिलात तर स्प्लिट पिन पहिल्याच वेळी हरवते आणि तिथे खिळा नाहीतर बाइंडिंग वायर येते. लहान अ‍ॅलन की असेल तर ती मशीनलाच कुठेतरी अडकवून द्या.

ओझरचे काका
विमानाच्या कामात आयुष्य गेलं. तिथे साधा दंडक: सेल्फ लॉकिंग नट बोटांनी चढला की कचऱ्यात. आणि ‘पुन्हा वापरता येतो’ म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा. अशा नटांच्या आयएसओ २३२० मानकात पहिल्यांदा काढताना आणि पाचव्यांदा काढताना किती टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) उरला पाहिजे, असे आकडे आहेत. तुमच्याही नटाला असा आकडा द्या, नाहीतर तो नुसता शब्द राहील.

लॉकिंगचे प्रकार असंख्य, पण भेद एकच. नायलॉक किंवा वरचं तोंड चेपलेला पूर्ण धातूचा नट आट्यांवर घासतच चढतो आणि घासतच उतरतो. प्रत्येक वेळी झीज. जो नट आधी मोकळा करून मग फिरवता येतो, तो टिकतो. तुम्ही दुसऱ्या जातीतला शोधा.

सातपूर_बेअरिंग
डिझाइनच कशाला करताय राव? की-वे आहेच, तर बेअरिंगचा खाचांचा गोल केएम नट आणि त्याचा दातेरी एमबी वॉशर टाका. वॉशरचा आतला दात की-वेमध्ये, बाहेरचा दात नटाच्या खाचेत वाकवला की झालं. केएम ४ ला एम २०×१ लागतं, शाफ्टवर आटे बदलायचे एवढंच.

अंबडकर
तो विचार झाला होता. पण त्याला हुक पाना लागतो. शेतकरी छन्नी-हातोडीने खाचा फोडणार. आणि वॉशरचे दात तरी किती वेळा वाकवायचे?

निफाडचा बागायतदार
छन्नीच. खात्रीने सांगतो.

टर्नर अप्पा
अंबडकर भाऊ, मशीन टूलच्या स्पिंडलला जो नट असतो त्याचं गरिबाघरचं रूप करा. त्यात आट्यांना धरणाऱ्या पिना असतात. नट आवळताना पिना मोकळ्या, आवळून झाला की पिना दाबायच्या.

३६ च्या हेक्स बारमधून नट जरा जाड घ्या. १२० अंशांवर तीन भोकं. ती सरळ मध्याकडे न मारता आडव्या पातळीपासून ३० अंश तिरकी मारा, म्हणजे भोकाचा अक्ष भार घेणाऱ्या आट्याच्या उताराला समांतर येतो. तिरकं भोक कुठल्या बाजूला झुकतंय ते चित्र काढून दोनदा बघा, उलटं झालं तर नटाचा सगळा भार पिनांवर येईल. ड्रिल घसरू नये म्हणून आधी स्पॉट फेस करा, म्हणजे भोकाच्या जागी सपाट बैठक काढा.

भोक ५ मिमी आरपार. एम ६ चा टॅप ड्रिलही ५ मिमीच, म्हणून बाहेरून अर्ध्या खोलीपर्यंत एम ६ टॅप मारा, आतला भाग ५ चा रीम करा. त्यात ५ मिमीची ब्राँझ पिन, मागे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, अ‍ॅलन कीने फिरणारा). आता गंमत: पिना आवळून ठेवून मगच नटाचे आटे पाडा. पिनेच्या टोकावर तेच आटे उमटतात. नंतर ग्रब स्क्रू पाव फेरी सैल केला की नट मोकळा. पिनेची जागा किंवा दिशा बदलली की आटे जुळत नाहीत, म्हणून पिना आणि भोकांवर पंचाने खुणा करा आणि पिना बाहेर पडू देऊ नका.

एकच पिन ठेवू नका. ती नेमकी की-वेवर आली तर हवेत. तीन असल्या की दोन तरी धरतात.

अंबडकर
अप्पा, नटाला खाच मारून आडव्या स्क्रूने चिमटला तर? एकाच स्क्रूत काम होईल.

टर्नर अप्पा
होतं, स्वस्तही पडतं. पण खाचेत बोर्डोचा चुना भरतो, मग ती मिटतच नाही. शिवाय पोरं स्क्रू इतका आवळतात की खाचेपाशी नट कायमचा वाकतो. वाकलेला नट परत उघडत नाही, संपला विषय.

अंबडकर
आणि गंज? ब्राँझ चालेल का?

सिन्नरचा मशीनिस्ट
गंधकाने काळं पडेल, बिघडत नाही. मोरचूद खरं लोखंडावर उठतं, लोखंड विरघळून त्यावर तांबं चढतं. तरी नट ईएन ८ (साधं कार्बन स्टील) चाच असू द्या. शाफ्ट आणि नट दोन्ही स्टेनलेस केलेत तर आटे एकमेकांत चिकटून बसतील. टोकावर ग्रीस भरलेली टोपी द्या, ग्रब स्क्रूच्या भोकांतही ग्रीस. टोपीत ३ मिमीची अ‍ॅलन की अडकवायची जागा करा, निफाडकरांचंही काम होईल.

ओझरचे काका
नट आवळल्यावर नटावरून शाफ्टवर ऑइल पेंटची एक रेघ ओढा. रेघ तुटली तर नट फिरला. रेघ शाबूत आणि तरी पंखा डुलतोय, तर दोष फेसचा किंवा बोअरचा. ही तपासणी शेतकऱ्यालाही जमते. तपासताना पीटीओ (ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरवणारा शाफ्ट) बंद आणि किल्ली खिशात.

निफाडचा बागायतदार
ऑक्टोबर छाटणीच्या आधी दोन नट मिळाले तर माझ्या ब्लोअरवर लावून बघतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.